इंजिनाचं कौतुक खूप झालं, आता टाकीबद्दल बोलू

लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊनच बसा.

जुन्या कारखान्यांच्या आठवणी निघाल्या की आपल्यात एक गोष्ट हमखास येते. आजोबांनी, वडिलांनी नाहीतर शेजारच्या मेस्त्रींनी भंगारातलं गाडीचं इंजिन आणलं, त्याला मोटर जोडली आणि हवेचा कॉम्प्रेसर करून दाखवला. कुणाकडे जीपचं इंजिन, कुणाकडे फियाटचं, कुणाकडे ट्रकच्या ब्रेकचा छोटा पंप. आम्ही बेळगावकर उद्यमबागेतली गोष्ट सांगतो, इंदूर-बडोद्याची मंडळी त्यांच्याकडची सांगतात. सोबत एक काळपट फोटो असतो. मग "काय डोकं होतं त्या लोकांचं!" म्हणून सगळे खूश.

डोकं होतंच. त्याबद्दल माझा वाद नाही. पण ही गोष्ट आपण अर्धीच सांगतो. इंजिनाची सांगतो, टाकीची सांगत नाही. आणि जीव जातो तो टाकीपायी, इंजिनापायी नाही.

आधी इंजिनाचंच सांगतो, कारण त्याचंही कौतुक आपण चुकीच्या कारणासाठी करतो. "जुगाड" हा शब्द वापरतो. मला तो शब्द आवडत नाही. आमच्या घरचं मशीन माझ्या डोळ्यांसमोर झालं, १९७४ साली. मी तेव्हा शाळेत होतो, दिवा धरून उभं राहायचं काम माझ्याकडे. त्यात जुगाड काही नव्हता. पाटीवर गणित मांडून केलेलं काम होतं ते.

बाबांची छोटी फाउंड्री. साच्यातली सुटी वाळू फुंकून काढायला, ओतकाम घासायच्या हत्यारांना हवा लागायची. नवीन कॉम्प्रेसर आमच्या ऐपतीबाहेर. लष्करी लिलावातून फिरत फिरत आलेलं जुन्या जीपचं इंजिन मात्र भंगारवाल्याकडे वजनावर मिळत होतं. बेळगाव छावणीचं गाव, त्यामुळे असा माल इथं कमी नव्हता. २१९९ सीसी, चार सिलिंडर, साइड व्हॉल्व. म्हणजे ह्या इंजिनाचे व्हॉल्व पिस्टनच्या डोक्यावर नसतात, सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असतात. वर नुसतं झाकणासारखं हेड.

आता कुणीही म्हणेल, पिस्टन वर-खाली होतो म्हणजे हवा दाबली जाणारच, त्यात काय एवढं? इथंच बहुतेकांची मशीनं फसायची. गाडीचं इंजिन जसंच्या तसं फिरवलं तर त्याचे व्हॉल्व दोन फेऱ्यांत एकदा उघडतात, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या अर्ध्या वेगानं फिरते. कॉम्प्रेसरला दर फेरीला हवा आत आणि बाहेर हवी. दुसरं त्याहून मोठं. पेट्रोल इंजिनात पिस्टन पूर्ण वर आला तरी वर बरीच जागा उरते, तिथंच तर पेट्रोल जळायचं असतं. जीपच्या त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन साडेसहाच्या आसपास. त्या उरलेल्या जागेत दाबलेली हवा अडकते आणि पिस्टन खाली जाताना तीच पुन्हा फुगते, नवीन हवेला जागाच देत नाही. गणित करा, ८ किलो प्रेशरवर जुन्या हेडसकट ते इंजिन स्ट्रोकच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी नवीन हवा आत घेईल. बाकी नुसता आवाज आणि लाइटबिल.

म्हणून बाबांनी हेड काढून टाकलं आणि त्या जागी इंचभर जाडीची लोखंडी प्लेट सपाट करून बसवली. त्यामुळे बाजूच्या व्हॉल्वची जागा बंद झाली आणि पिस्टन वर आला की प्लेटखाली अगदी थोडी फट उरायची. प्लेटमध्येच पातळ स्प्रिंग पोलादाच्या पात्या. हवा आत घेणारी पाती खालून खाच पाडून, बाहेर सोडणारी वरून. फट स्ट्रोकच्या वीसाव्या हिश्शावर आणली की तेच इंजिन पाऊण स्ट्रोकच्या वर हवा घ्यायला लागतं. तीच क्रँक, तेच पिस्टन, नुसती एक प्लेट.

हवा दोनच सिलिंडरची घ्यायची ठरलं, १ आणि २ नंबरची. दोन अशासाठी की आमच्याकडे मोटर ५ एचपीची, चारही सिलिंडर तिला ओढवले नसते. आणि १-२ अशासाठी की एक वर जाताना दुसरा खाली येतो, १ आणि ४ घेतले असते तर दोन्ही एकदमच वर. उरलेले दोन पिस्टन काढले नाहीत, मोकळेच फिरू दिले, नाहीतर मशीन थरथरलं असतं. व्हॉल्व काढले तरी कॅमशाफ्ट ठेवली, कारण त्या इंजिनाचा ऑइल पंप तिच्यावरच चालतो. हे न कळल्यामुळे आमच्याच गल्लीत एका मेस्त्रींनी महिन्याभरात बेअरिंग जाळून घेतल्या होत्या. मोटरला ४ इंची पुली, इंजिनाला १४ इंची, म्हणजे मिनिटाला चारशेच्या आसपास फेरे. थंड करायला शेजारी पाण्याचा ड्रम, दोन नळ्या. गरम पाणी आपोआप वर जायचं, गार खाली यायचं. पंपसुद्धा नाही.

तर असं हे. त्याला जुगाड म्हणणं म्हणजे आजीच्या पुरणपोळीला गोड चपाती म्हणण्यासारखं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते ह्याच गावात, पुढे १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. (त्यांचं नाव घेतल्याशिवाय बेळगावचा माणूस यंत्रांबद्दल लिहूच शकत नाही, मीही घेतलं.) ज्या गावात शंभर वर्षं लोखंड ओतलं जातंय तिथं इंजिन समजणारी माणसं असणारच.

आणि खरं सांगायचं तर इंजिन ह्या कामात बिचारं सुरक्षितच असतं. पेट्रोल पेटतं तेव्हा सिलिंडरमध्ये ३०-४० किलोपर्यंत दाब जातो. ते झेलायला बनवलेल्या ब्लॉकला ८ किलो म्हणजे म्हातारपणी मिळालेलं हलकं काम.

टाकीचं तसं नाही.

आमची टाकी ६ मिलिमीटर पत्र्याची, ४५ सेंटिमीटर व्यास, मीटरभर लांब, साधारण १६० लिटरची. ८ किलोवर तिच्या एका टोकावर बसणारा जोर किती? क्षेत्रफळ गुणिले दाब, शाळेतलं गणित. साडेबारा टन. एका टोकाच्या झाकणावर भरलेला ट्रक उभा आहे असं समजा. आणि आत साठलेली हवा एकदम सुटली तर तिच्यात एक टनाची गाडी चार मजले वर नेण्याहून जास्त ताकद असते. पाण्याची टाकी फुटली तर पाय भिजतात. हवेची फुटली तर पत्रा उडतो.

हे बाबांना किती माहीत होतं मला सांगता येणार नाही, पण माझ्या मामांना पक्कं माहीत होतं. मामा बडोद्याचे, कलाभवनात शिकलेले, महाराज सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं ते कलाभवन. सुटीत आमच्याकडे आले होते. मशीन तयार, टाकी रंगवून तयार, उद्या नारळ फोडायचा. मामांनी टाकीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "भावोजी, नारळ नंतर. आधी पाणी."

बाबांना राग आला, उघड बोलले नाहीत. आई मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा सांगतोय तर करून टाका की एकदाचं."

पाण्याची चाचणी म्हणजे टाकी काठोकाठ पाण्यानं भरायची, आत हवेचा बुडबुडासुद्धा ठेवायचा नाही, आणि हातपंपानं दाब चढवायचा, चालवायच्या दाबाच्या दीडपट. आमच्या बाबतीत १२ किलो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी थोडं पाणी उडून दाब शून्य होतो, कुणी मरत नाही. हवेनं हीच चाचणी करणं म्हणजे बॉम्ब चांगला आहे का ते पेटवून बघणं. त्या दिवशी वरच्या नळीच्या वेल्डिंगला घाम फुटल्यासारखं पाणी आलं. मामांनी खडूनं खूण केली. पाणी काढून वेल्डिंग घासून पुन्हा केलं, पुन्हा भरलं, अर्धा तास काटा हलला नाही. मग मामांनी पंचानं टाकीवर आकडे ठोकले, दाब आणि तारीख. नारळ दोन दिवसांनी फुटला.

शिवाय त्यांनी तीन गोष्टी बाबांकडून कबूल करून घेतल्या, त्या मला पाठ आहेत. टाकीच्या तळाला ड्रेन कॉक, आणि रोज संध्याकाळी पाणी काढायचं. सेफ्टी व्हॉल्व थेट टाकीवर, मध्ये कुठलाही कॉक नाही. आणि पंपापासून टाकीपर्यंतची नळी वर्षातून एकदा उघडून आतली काजळी खरवडायची. तिसऱ्याचं कारण पुष्कळांना माहीत नसतं. एका दमात ८ किलोपर्यंत दाबलेली हवा दीडशे-दोनशे अंश तापते. गाडीच्या इंजिनातून थोडं तेल वर येतंच, ते नळीत भाजून कोळसा होतं आणि कधीतरी तोच कोळसा पेट घेतो. तेल, हवा, उष्णता, सगळं हाताशी.

बाबांनी मशीन १९९६ पर्यंत चालवलं. एकदाही काही झालं नाही. हे मी अभिमानानं सांगतो, पण श्रेय इंजिनाला देत नाही.

कारण दुसरीकडे झालं. गाव, नाव, साल लिहीत नाही, त्या घरातली माणसं अजून आहेत. तिथंही असंच गाडीच्या इंजिनाचं मशीन होतं, कदाचित आमच्याहून देखणं. सेफ्टी व्हॉल्व फुसफुस करायचा म्हणून कुणीतरी त्यात खुंटी ठोकली होती. टाकीचं एक टोक सुटून मंगलोरी कौलांतून बाहेर गेलं, बाकीची टाकी उलट्या बाजूला भिंतीत. तिथं काम करणारा मुलगा सतरा-अठराचा होता. तो वाचला, पण एक कान आणि उजव्या हाताची बोटं गेली. त्या मशीनचा फोटोही कधीतरी कुणीतरी आठवण म्हणून टाकेल, आणि आपण खाली लिहू, काय डोकं होतं.

आता मी हे आत्ताच का लिहितोय ते सांगतो. माझा पुतण्या गाड्या रंगवण्याचं काम करतो. चांगला पोरगा, हात चांगला. गणपतीच्या आधी दोन महिने मूर्तिकारांची स्प्रेची कामंही घेतो. त्याच्या डोक्यात आलं की आजोबांचं मशीन पुन्हा सुरू करावं. मोबाइलवर असे व्हिडिओ ढिगानं आहेत, कुणी स्कूटरचं इंजिन घेतं, कुणी कारचं, आणि टाकी म्हणून सरळ स्वयंपाकाच्या गॅसचं सिलिंडर.

"काका, इंजिन अजून फिरतंय की! नुसती मोटर जोडायची."

"फिरतंय खरं, टाकीचं काय?"

"टाकी टेस्ट केलेली आहे. बघा की, शिक्का आहे वर."

शिक्का होता. मामांनी १९७४ साली ठोकलेला. पन्नास वर्षांपूर्वीचा!

मी वाद घातला नाही. फॅब्रिकेशनवाल्या ओळखीच्या माणसाला बोलावलं, त्याच्याकडे पत्र्याची जाडी बाहेरून मोजायचं यंत्र असतं, आवाजाच्या लहरींवर चालणारं. वरच्या अंगाला जवळपास सहा मिलिमीटर, नवी कोरी म्हणा. बाजूला साडेपाच. तळाला अडीच, आणि एके ठिकाणी दीड. बाहेरून रंगसुद्धा उडालेला नव्हता. बंद झाल्यापासून आत दमट हवा, बेळगावचा पाऊस, तळाशी साचलेलं पाणी. गंज आतून खातो आणि बाहेर शिक्का चकचकीत राहतो. पुतण्या काही बोलला नाही, पण त्यानं हात लावून बघितला तळ.

गॅसच्या सिलिंडरबद्दल लोक मला सांगतात, ते तर आमच्या टाकीपेक्षा जास्त दाबाला तपासलेलं असतं. बरोबर आहे. पण ते गॅससाठी, आणि त्याला तळाला ड्रेन नाही. हवेबरोबर पाणी आत जाणार आणि तिथंच राहणार. ड्रेन काढायला वेल्डिंग करायचं तर आत उरलेल्या गॅसचा भडका, आणि वेल्डिंग केलं की मूळ तपासणीला काही अर्थ उरत नाही. शिवाय ते सिलिंडर आपल्या मालकीचंही नसतं, कंपनीचं असतं. ट्रकच्या ब्रेकची टाकी त्यापेक्षा कितीतरी बरी, ती हवेसाठीच बनते, ड्रेन असतो, पण तीही भंगारातून उचलली असेल तर पाण्याच्या चाचणीशिवाय नाही.

"एवढं घाबरलं तर माणसानं काही करूच नये," असंही मला ऐकवलं गेलंय, आमच्याच घरच्या एका कार्यात. उलट आहे. मी करू नका म्हणत नाही. ज्याला लेथ येतं, ज्याला ती प्लेट आणि पात्या समजतात त्यानं जरूर करावं, त्याच्यासारखी शिकवण कुठल्या कॉलेजात मिळणार नाही. अमेरिकेत तर फोर्डच्या इंजिनांवर बसवायची खास हेड विकली जायची, अर्धे सिलिंडर इंजिन म्हणून चालायचे आणि अर्धे हवा भरायचे. म्हणजे कल्पना वेडगळ नाही. फक्त टाकी घरी करू नये. तयार, हवेसाठी बनवलेली, पाटीवर दाब लिहिलेली टाकी विकत घ्यावी. आणि रोजच्या धंद्याला हवा हवी असेल तर सरळ कॉम्प्रेसर घ्यावा. १९७४ साली तो आमच्या ऐपतीबाहेर होता, आज बऱ्या मोबाइलच्या किमतीत लहान कॉम्प्रेसर येतो. रंगकामाला तर इंजिनाचा पंप तसाही त्रासच. तेलाचा एक थेंब हवेतून आला की रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

कायद्याचं म्हणाल तर १९४८ च्या कारखाना कायद्यात दाबाच्या यंत्रांसाठी वेगळं कलम होतं, ३१ वं. पण चार माणसांच्या पत्र्याच्या शेडला तो कायदा लागूच व्हायचा नाही. आमच्यासारख्यांची सगळी यंत्रं अशाच शेडमध्ये. तिथं इन्स्पेक्टर यायचा नाही, मामा यायचे. ज्यांच्याकडे मामा आले नाहीत त्यांचं नशीब. म्हणूनच मला वाटतं, आठवणी लिहिताना आपण नुसता इंजिनाचा फोटो टाकून थांबू नये. आपलं लिहिलेलं वाचून कुणाचा तरी नातू मागच्या खोलीतलं मशीन पुसायला घेतो. त्याला पाणी भरून तपासणं, ड्रेन कॉक, सेफ्टी व्हॉल्व हेही त्याच पोस्टमध्ये वाचायला मिळालं पाहिजे. गणपतीच्या शेडमध्ये रंग मारताना बघायला पोरं कशी गोळा होतात, ते आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. त्या पोरांपासून दोन हातांवर ही टाकी असते.

आमच्या मशीनचं काय झालं ते सांगतो, नाहीतर विचाराल. टाकी कापली. शिक्क्याचा तुकडा तेवढा आईच्या फोटोखाली ठेवलाय. पुतण्यानं हप्त्यावर नवा कॉम्प्रेसर घेतला. इंजिन तेल घालून, झाकून ठेवलंय. जुन्या जीपचे शौकीन ब्लॉक मागायला येतात, एकानं चांगली किंमतही सांगितली, म्हणजे बावीस वर्षं हवा भरून ते पुन्हा जीपमध्ये जायला निघालंय. अजून ठरलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या शेडमध्ये, परसात, माडीखाली असं मशीन उभं असेल तर फोटो जरूर टाका. इंजिनाचा टाका, आणि टाकीचाही. टाकीचा खालून काढा. शिक्का असेल तर त्यावरची तारीख लिहा, आणि शेवटचं पाणी कधी काढलं तेही.